वजन उचलायचं असतं

पाळकसाहेब, मंडळीतले वडीलजन, भावांनो आणि बहिणींनो,

आजचा विषय देवाच्या दहा आज्ञांतली पाचवी आज्ञा. वसईकडचे आपले कॅथलिक भाऊ तिला चौथी म्हणतात. मोजणी वेगळी, आज्ञा तीच. 'आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख.' किती जणांना पाठ आहे? हात वर करा बरं. सगळ्यांनाच! आता सांगा, पाठ कधी केलीत? सहाव्या-सातव्या वर्षी, शब्बाथशाळेत, रविवारच्या त्या धर्मवर्गात. माझी तक्रार इथंच आहे. ही आज्ञा आपण लेकरांच्या गळ्यात बांधली आणि आपण मोकळे झालो. देवानं ह्या आज्ञा दिल्या तेव्हा सीनाय डोंगराच्या पायथ्याशी जे उभे होते, त्यांच्यात चार पोरांचे बाप होते आणि त्यांच्या तंबूत त्यांची थकलेली आई होती. आज्ञा त्यांनाही होती. म्हणजे ती तुम्हाआम्हाला, पन्नाशीतल्यांना आहे.

'मान राख' ह्यासाठी इब्री, म्हणजे हिब्रू, भाषेत जो शब्द आहे, त्याच्या मुळाशी जडपणा आहे, वजन आहे. मराठीतही आपण म्हणतोच की, अमक्याच्या शब्दाला वजन आहे. आणि आईबापाला शिव्याशाप देऊ नये असं जिथं सांगितलंय, तिथल्या शब्दाच्या मुळाशी हलकेपणा आहे. आईबापाला हलक्यात घेऊ नकोस, असा अर्थ मला त्यात ऐकू येतो.

हे वजन म्हटलं की मला पंडिता रमाबाई आठवतात. केडगावच्या मुक्ती मिशनमुळे आपण त्यांना ओळखतो. इब्री आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणलं, हेही आपल्याला ठाऊक आहे. पण मी सांगतोय ती त्यांच्या सोळा-सतरा वर्षांच्या वयातली गोष्ट, ख्रिस्ताचं नाव घेण्याच्या कितीतरी आधीची. दुष्काळात वडील, अनंतशास्त्री डोंगरे, गेले. मग आई अंथरुणाला खिळली. जिनं लेकीला संस्कृत शिकवलं, ती आई. तिच्यासाठी रमाबाई शेजारच्या घरी भाकरीचा तुकडा मागायला गेल्या. तोंडातून शब्द फुटेना, डोळ्यांतून पाणी आलं. त्या बाईनं बाजरीची भाकरी दिली. धावत आईकडे आल्या, तर आईला ती खाता येईना. आई गेली. खांदा द्यायला चौघं लागतात. दोन ब्राह्मणांना शेवटी दया आली. उरलेले दोघं म्हणजे भाऊ आणि स्वतः रमाबाई. मसणवट तीन मैलांवर. रमाबाई ठेंगण्या, खांदा पुरेना. त्यांनी तिरडीचा आपला कोपरा डोक्यावर घेतला.

तीन मैल. मला हे कितीदा सांगितलं तरी पुरत नाही.

आणि आपण? माझी आई ब्याऐंशी वर्षांची. 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक तिला जवळजवळ तोंडपाठ. ती पूर्वी ज्या मंडळीत जायची, तिथं गीतं दाखवायला पडदा लागला, चाली बदलल्या, जुनी पुस्तकं कपाटात गेली. आई पाठीमागच्या बाकावर गप्प बसू लागली. ज्येष्ठांच्या दिवशी तिला शाल दिली, फोटो काढला. एकानंही विचारलं नाही, 'आई, तुम्ही गात का नाही?' मीही नाही विचारलं. पुढं वर्षभरानं तिनंच सांगितलं. त्याचं दुःख मला अजून आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दे राहिलेच, ते भराभर सांगतो.

मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय घरी जाऊन वाचा. आईबापाला द्यायचं ते 'कुर्बान, देवाला वाहिलेलं' म्हणून लोक हात झटकायचे, त्यांना प्रभूनं धारेवर धरलं. चर्चच्या बांधकामाला देणगी आणि आईच्या औषधाला उद्या, हे तेच कुर्बान. प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहितो की लेकरांनी आणि नातवंडांनी आधी घरच्यांचे उपकार फेडायला शिकावं. दुसरी बाजूही आहे: इफिसकरांस पत्रात 'बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका' हेही आहे. ज्याला बापानं मारून वाढवलं, त्याला खोटं कौतुक करायला आज्ञा सांगत नाही. म्हातारपणी त्याला उपाशी ठेवू नको, एवढं मात्र सांगते. आणि ज्यांना मूलबाळ नाही, त्यांचं काय? वधस्तंभावरून प्रभूनं आईला शिष्याच्या हाती दिलं, आणि त्यानं तिला आपल्या घरी नेलं. रक्ताचं नातं नसताना. आपल्या मंडळीत घराबाहेर पडू न शकणारे किती जण आहेत, त्यांची यादी पुढच्या रविवारच्या आत करू या. प्रभुभोजन त्यांच्या घरी जाईल.

शेवटचं गीत पडद्यावर दिसणार नाही. आई पुढच्या बाकावर बसली आहे. आई, तुझ्या जुन्या चालीवर सुरू कर, आम्ही तुझ्यामागून येतो.