कोण रे एवढी बडी चीज?

श्रोतेहो, नमस्कार. बड्या असामींना बोलीतल्या इंग्रजीत काय काय म्हणतात, ते आज बघू. एक शब्द ‘बिगविग’. विग म्हणजे केसांचा टोप. सतराव्या-अठराव्या शतकात विलायतेत मोठा टोप महाग पडे, म्हणून ज्याचा टोप मोठा, तो माणूस मोठा. टोप गेले, शब्द राहिला. दुसरा ‘टॉप ब्रास’, म्हणजे लष्करातले वरिष्ठ. तो आला त्यांच्या टोपीवरच्या झगमगत्या नक्षीवरून. आपल्याकडे पगडीचा मान होता, तसंच हे.

पण मला सांगायचंय ते ‘बिग चीज’बद्दल. नौपाड्यात माझी आत्या राहते. तिचा नातू ट्रान्स-हार्बरनं रोज ऐरोलीला कामाला जातो. एका रात्री तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, “उद्या ऑफिसात बिग चीज येणार आहे.” आत्या वाल सोलत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, “कोण रे एवढी बडी चीज?”

तो म्हणाला, “आजी, हे चीज सँडविचमधलं. इंग्रजी शब्द आहे.”

“माणसाला सँडविचमधलं कशाला म्हणतील? चीज म्हणजे नामी वस्तू. गवई चीज गातो ती? कष्टाचं चीज होतं ते?”

तो हसला. मी मात्र घरी येऊन हॉब्सन-जॉब्सन काढला. यूल आणि बर्नेल यांचा हा कोश, १८८६ सालचा. (घरात एक तरी जाडजूड कोश हवाच. मोबाइलवर हवा तो शब्द मिळतो, पण शेजारचे दहा शब्द चुकतात.) त्यात ‘चीझ’ या नोंदीखाली दिलंय: अस्सल, उत्तम वस्तू या अर्थाचा हा बोलीतला शब्द बहुधा फारसी-हिंदी ‘चीज’वरून आला. पुन्हा सांगतो, आपल्या चीजवरून! ‘बिग चीज’ त्याच्याही नंतरचं, अमेरिकेतलं.

सकाळी आत्याला फोन केला. म्हणाली, “आणखी कुठले नेले रे आपले शब्द?” म्हटलं, मुघलांवरून ‘मोगल’, म्हणजे बडा उद्योगपती. नवाबावरून ‘नेबॉब’, म्हणजे कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात गडगंज होऊन परतलेला गोरा.

“थांब,” ती म्हणाली, “अजून निघाला नाहीये तो. फोन देते. ते चीजचं पान त्याला वाचून दाखव.”

मी वाचलं. सावकाश, दोनदा.