शंकूवर बसणारी लेन्स

श्रोतेहो, नमस्कार. केराटोकोनस या विकारात बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होत होत शंकूसारखा पुढे येतो. त्रास बहुधा किशोरवयात सुरू होतो आणि एकाच दिव्याचे दोन-तीन दिवे दिसू लागतात. अशा ओबडधोबड पडद्यापुढे चष्मा अपुरा पडतो. कडक लेन्स, जिला आपल्याकडे सेमीसॉफ्ट म्हणतात, ती घातली की लेन्स आणि पडदा यांमधली जागा अश्रूंनी भरते आणि प्रकाशाला गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. मात्र लेन्सने विकार थांबत नाही. त्यासाठी क्रॉसलिंकिंगचा, म्हणजे पडद्याचे तंतू घट्ट करण्याचा, उपचार वेगळा आहे.

काही वर्षांपूर्वी यंत्रमागावर काम करणारा एक तरुण आईसोबत माझ्याकडे आला. दोन वर्षांत तीन चष्मे बदलूनही सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतील प्रत्येक दिव्याला त्याला शेपूट फुटलेले दिसत असे. चाचणीची पहिली लेन्स घालताच तो म्हणाला, "साहेब, हीच द्या, एकदम क्लिअर दिसायलंय." मी अश्रू साचतात तिथे हिरवा चमकणारा फ्लुरोसीनचा रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिले, तेव्हा भोवती हिरवा रंग साचलेला आणि मधोमध काळा ठिपका होता, म्हणजे लेन्सचा भार शंकूच्या टोकावर पडत होता. अशी सपाट लेन्स स्पष्ट दाखवते खरी, परंतु तीच टोकाला घासून व्रण पाडते. पुन्हा सांगतो, स्पष्ट दिसले म्हणजे लेन्स नीट बसली असे नव्हे. दुसरी लेन्स फार खोल निघाली. तिच्याखाली हवेचा बुडबुडा अडकला. तिसरीखाली मात्र टोकाशी रंग किंचित विरळ झाला, कडेने बारीक हिरवे वलय उमटले आणि पापणी लवली की लेन्स थोडी हलू लागली. डोळ्यांतले पाणी ओसरेपर्यंत मी त्याला अर्धा तास बसवून ठेवले. मग त्याने खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांसमोर धरला, किनारीवरून बोट फिरवत एका जागी थांबला आणि आईला म्हणाला, "इथं धागा तुटलाय बघ."

आपल्याकडच्या धुळीत डोळे चोळण्याची सवय फार आहे. केराटोकोनस असलेल्याने डोळे चोळू नयेत, मुळीच चोळू नयेत. लेन्स तिच्या द्रावणानेच धुवावी, कारण साध्या पाण्यातल्या अकॅन्थमिबा नावाच्या सूक्ष्मजीवाने डोळ्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो. सोलापुरात नळाला रोज पाणी यावे, हे माझे जुने मागणे आहे. पण रोज आले तरी ते लेन्सला लावू नये.