अक्षरं दिसली की थांबायचं

नमस्कार श्रोतेहो. रक्तात एका पांढऱ्या पेशीमागे साधारण 500 ते 1000 तांबड्या पेशी असतात. फ्लो सायटोमीटर हे आमच्या प्रयोगशाळेतलं यंत्र पेशी एकेक करून लेझरसमोरून सोडतं, आणि आम्हाला बघायच्या असतात बहुतेक वेळा पांढऱ्याच. म्हणून आधी तांबड्या फोडायच्या. याला लायसिस म्हणतात.

रक्तात अमोनियम क्लोराइडचं द्रावण घालायचं. ते तांबड्या पेशीत शिरतं, मागोमाग पाणी शिरतं, पेशी फुगते आणि फुटते. पांढऱ्या पेशी तग धरतात, पण थोडाच वेळ. पुन्हा सांगते, थोडाच वेळ. साधारण 10 मिनिटं.

माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष. एका लहान मुलाचा नमुना आला, रक्ताच्या कर्करोगाची शंका होती. रक्त जेमतेम. मी द्रावण फ्रिजमधून काढलं आणि तसंच गारेगार ओतलं. 10 मिनिटं झाली, नळी गढूळच. थंडीत लायसिस रेंगाळतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. म्हटलं, अजून पाच. मग अजून दहा. 40 मिनिटांनी नळी नितळ झाली आणि मला हायसं वाटलं. यंत्राला लावली, तर पडद्यावर डाव्या कोपऱ्यात नुसता चुरा. पडद्यावर एक ठिपका म्हणजे एक पेशी; ग्रॅन्युलोसाइट्स या पांढऱ्या पेशींच्या ठिपक्यांचा ढग पार विरलेला.

आमच्या बाई रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "रक्त किती उरलंय?" 100 मायक्रोलिटर होतं. एका नळीपुरतं.

त्यांनी नवी बाटली काढली, कारण जुनीवर उघडल्याची तारीखच नव्हती. बाटली उघडी राहिली की द्रावणाचा सामू (pH) बिघडतो. तारीख न लिहिणाऱ्यांचा मला आजही राग येतो. घरातल्या डोळ्यांच्या थेंबांवरसुद्धा मी तारीख घालते. तुम्हीही घाला.

असो. द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ दिलं. रंग जोडलेल्या अँटीबॉडी घालून नळी अंधारात ठेवली, मग द्रावण घातलं. आठव्या मिनिटाला बाईंनी नळीमागे छापील कागद धरला.

"अक्षरं वाचता येतायत?"

"येतायत."

"मग थांब. अक्षरं दिसली की थांबायचं."

लगेच सेंट्रिफ्यूज केलं, पेशी धुतल्या, नळी यंत्राला लावली. पडद्यावर पांढऱ्या पेशींच्या तीन प्रकारांचे तीन ढग वेगवेगळे उभे राहिले: खाली लिम्फोसाइट्स, मध्ये मोनोसाइट्स, वर ग्रॅन्युलोसाइट्स. त्या मुलाला पुन्हा सुई टोचावी लागली नाही.