सड्यावरून खाडीकडे

(दृश्य: मेअखेरची सकाळ. डोंगरउतारावर विझत आलेला धूर.)

हा धूर भाजावळीचा. भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, जिथे करायचा, तेवढ्या जागेवर शेण, कवळ (तोडलेल्या फांद्या), पातेरा (वाळका पाला), वरून थोडी माती असे थर रचायचे आणि वाऱ्याची दिशा बघून पेटवायचे. तणाचं बी जळतं, राखेतून पालाश मिळतं. कोकणात वाढलेला माणूस हा वास डोळे मिटून ओळखेल.

याच उतारांवर पूर्वी कुमरी व्हायची. रानाचा तुकडा तोडून जाळायचा, दोन-तीन वर्षं नाचणी-वरी घ्यायची आणि जमीन विसाव्याला सोडून पुढे सरकायचं. ईशान्य भारतात हिला झूम म्हणतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यात आणि आफ्रिकेत ती आजही चालते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या वनखात्याने कुमरीला नासाडी ठरवून बंधनं घातली. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो. पुरेशी वर्षं मिळाली की रान पुन्हा उभं राहतं. जमीन अपुरी पडून फेरा आखूड झाला, की मग उतार उघडे पडतात.

(दृश्य: पडीक वरकस, म्हणजे उतारावरची हलकी जमीन. गवतात बुडालेले जुने बांध.)

इथे नाचणी डोलायची. ती आपल्याला इतकी घरची वाटते, पण तिचं माहेर इथिओपिया-युगांडाकडच्या डोंगराळ मुलखात आहे. हजारो वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि आपल्या कातळाशेजारच्या हलक्या मातीत रुजली.

शेती कुठल्या एका गावात जन्मली नाही. पश्चिम आशियात सुमारे 11 हजार वर्षांपूर्वी माणसं गहू, जव, मसूर पेरू लागली. चीनमध्ये यांगत्से नदीकाठी भात माणसाळला, मेक्सिकोत एका रानगवतातून मका घडला, अँडीज पर्वतात बटाटा. न्यू गिनीच्या दलदलीत चर खणून केळी लावली गेली. यांतल्या बहुतेकांना एकमेकांची खबरही नव्हती.

आणि आपलं? आपला कुळीथ! कर्नाटकातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांत सुमारे 4 हजार वर्षांपूर्वीचे कुळथाचे दाणे सापडले आहेत. भात कापल्यावर खाचरात उरलेल्या ओलीवर आपण आजही तो पेरतो. पिठीचा भुरका मारताना एवढं ध्यानात असावं.

खाली वाडी लागते. नारळ, पोफळी, पोफळीवर चढलेली मिरी, मधे जायफळ: एकाच पाटाच्या पाण्यावर वेगवेगळ्या उंचीची पिकं. तिच्या वरच्या अंगाला काजू. तो ब्राझीलचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणलेला. हापूसच्या नावातही पोर्तुगीज अल्फोन्सो आहेच. आता मैलोगणती हापूस किंवा काजूच दिसतो, म्हणजे ब्राझीलच्या कॉफीसारखी, मलेशियाच्या पामतेलासारखी बाजारासाठीची शेती. तिने घरात पैसा आणला, हे खरं. मात्र मोहोराच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला, तर एका पिकावर विसंबलेल्या घराला दुसरा आधार उरत नाही.

(दृश्य: खाडी. लांबच लांब मातीचा बांध.)

आता खार, म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली शेतजमीन. हॉलंडच्या लोकांनी समुद्र हटवून जमीन मिळवली, हे आपण शाळेत शिकतो. तेच काम अलिबाग-पेणकडच्या आपल्या माणसांनी टोपलीने माती वाहून केलं. भरतीचं पाणी बांधाबाहेर थोपवायचं, पावसाने मातीतलं मीठ धुऊ द्यायचं, ते पाणी ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झाकणाच्या दारातून, सोडून द्यायचं, मग मोड आलेलं भात फेकायचं. या पेरणीला रहू म्हणतात.

पुस्तकात शेतीचे प्रकार असतात: फिरती, निर्वाह, सघन, व्यापारी. भात कुणाच्या कणगीत जातं, हा प्रश्न त्या यादीत नसतो. तो इथे विचारला गेला. 1933 साली अलिबागजवळच्या चरी गावात खोतांविरुद्ध, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांविरुद्ध, कुळांनी संप पुकारला. 1939 पर्यंत त्यांनी खोतांची शेतं कसली नाहीत. उपास काढले, लाकूडफाटा विकला, पण नांगर धरला नाही.

या बांधाला एकदा खांड पडली आणि उधाणाचं पाणी आत शिरलं, की मीठ उतरेपर्यंत काही पावसाळे जातात. बांध दरवर्षी राखावा लागतो, आणि ते एकट्याचं काम नव्हे. माणसं मुंबईला गेली, तिथे खांडी बुजल्या नाहीत. काही शेतांत आता कांदळवन वाढलं आहे.

(दृश्य: उघाडी. पाणी चढतं आहे.)

भरती लागली. खाडीचं पाणी रेटा देतं, तसं उघाडीचं झाकण मिटत जातं. आतल्या बाजूला एक आजोबा बांधावर वाकून, कालच्या भेगेत चिखलाचा गोळा दाबत आहेत.