एका रात्रीसाठी र्‍योकान निवडताना

जपानला जायचं ठरलं की हल्ली बहुतेकांच्या यादीत एक रात्र र्‍योकानची असतेच. र्‍योकान म्हणजे जपानची पारंपरिक सराई: तातामीच्या चटया अंथरलेली खोली, जमिनीवरची गादी, रात्रीचं साग्रसंगीत जेवण, आणि गाव ओन्सेनचं असेल तर भूगर्भातून येणाऱ्या गरम पाण्याचं स्नान. फोटो पाहून मन हरखून जातं आणि आपण फोटो पाहूनच आरक्षण करतो. माझा आग्रह असा आहे की एकाच रात्रीसाठी जाणाऱ्यानं आधी घड्याळ बघावं, मग पाणी, मग ताट. खोलीचा फोटो सगळ्यात शेवटी.

घड्याळ का, ते सांगते. बहुतेक र्‍योकानांत दुपारी तीनला प्रवेश मिळतो आणि दुसऱ्या दिवशी दहाला, फार तर अकराला निघावं लागतं. हाताशी उरतात एकोणीस-वीस तास, आणि त्यातले सात-आठ झोपेचे. संध्याकाळचं जेवण सहा-साडेसहाला सुरू होतं. ते तुमच्या वेळेप्रमाणे शिजवून एकेक पदार्थ पुढे येत असल्यामुळे आठला पोहोचून चालत नाही. उशीर झाला तर जेवण मिळतही नाही. जपानी माणूस तीनला पोहोचतो, चहा घेतो, युकाता हा सैलसर सुती झगा घालतो आणि जेवणाआधी एकदा पाण्यात उतरतो. जेवून थोड्या वेळानं पुन्हा, आणि सकाळी न्याहारीआधी तिसऱ्यांदा. तुम्ही जे पैसे भरता ते या तीन स्नानांचे आणि दोन जेवणांचे. दर बहुधा माणशी असतो, खोलीमागे नाही, हेही लक्षात ठेवा. दोघांचा दर म्हणून एकाचाच आकडा धरून बसलेली मंडळी मी पाहिली आहेत.

हाकोनेचं उदाहरण घ्या. तोक्योच्या शिंजुकूहून रोमान्सकार गाडीनं दीड तासाच्या आत तुम्ही हाकोने-युमोतोला उतरता. एका रात्रीला याहून सोयीचं ठिकाण नाही. पण तिथे डोंगरावरची रेल्वे आहे, रोपवे आहे, तळ्यातली बोट आहे, ओवाकुदानीच्या गरम झऱ्यांत उकडलेली काळ्या कवचाची अंडी आहेत. आपली माणसं हे सगळं एका दिवसात करतात, सात वाजता दमून र्‍योकानमध्ये शिरतात, घाईनं जेवतात आणि झोपतात. सकाळी नऊला पुन्हा बाहेर. मला याचं मनापासून वाईट वाटतं. इतक्या घाईत राहायचं तर साधं हॉटेल घ्यावं, निम्मे पैसे वाचतील. हाकोने फिरायचंच असेल तर आदल्या दिवशी किंवा निघाल्यावर फिरा. तीनच्या ठोक्याला मात्र दारात हजर राहा.

आता माझ्या आवडीच्या गावाकडे येते. किनोसाकी. ह्योगो प्रांतात, जपानच्या समुद्राच्या बाजूला, क्योतोहून थेट गाडीनं साधारण अडीच तास. गावातून ओतानी नदी वाहते, दोन्ही काठांना विलो, आणि गावभर सात सार्वजनिक स्नानगृहं. र्‍योकानमध्ये उतरलेल्या पाहुण्याला सगळ्यांचा पास मिळतो. त्यामुळे संध्याकाळी सगळं गाव युकाता आणि गेता या लाकडी चपला घालून एका स्नानगृहातून दुसऱ्यात जात असतं. तिथले लोक म्हणतात, आमचं अख्खं गाव म्हणजे एकच र्‍योकान: स्टेशन हे त्याचं दार, रस्ते म्हणजे बोळ, र्‍योकान म्हणजे खोल्या.

हे असं का झालं, यामागे इतिहास आहे. तिथलं पाणी गावाचं सामाईक मानलं जाई आणि स्नान बाहेर, सर्वांच्या स्नानगृहातच होई. १९२५ च्या भूकंपात आणि नंतरच्या आगीत गाव जळून गेलं. पुन्हा उभारणी होत असताना एका र्‍योकाननं आपल्या आवारात स्वतःचं स्नानगृह बांधलं आणि गाव कोर्टात गेलं. तो वाद १९५० पर्यंत चालला. शेवटी तडजोड झाली: र्‍योकानना आत स्नानगृह ठेवता येईल, पण त्याच्या आकाराला मर्यादा राहील. म्हणून किनोसाकीत आतलं कुंड लहान दिसलं तर र्‍योकानला कमी लेखू नका. तिथे बघायचं ते एवढंच, की ते स्टेशनच्या बाजूला आहे की गावाच्या वरच्या टोकाला, आणि तुमच्या मुक्कामाच्या दिवशी कोणती स्नानगृहं बंद आहेत. प्रत्येकाचा सुट्टीचा वार वेगळा असतो. दोन रात्री राहायचं असेल तर असंच गाव घ्या. एकट्या आडवाटेच्या र्‍योकानमध्ये मधल्या दुपारी कुंडं धुवायला काढतात आणि पाहुण्याला वेळ खायला उठतो.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे फसगत सहज होते. जपानच्या १९४८ च्या ओन्सेन कायद्याप्रमाणे उगमाशी पाणी २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम असेल, किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा पुरेशा प्रमाणात असेल, तर ते ओन्सेन. २५ अंश म्हणजे आपल्या नळाचं पाणी! तेव्हा तापवलेलं, साधं पाणी मिसळलेलं, गाळून पुन्हापुन्हा फिरवलेलं आणि क्लोरीन घातलेलं पाणीही कायद्यानं ओन्सेनच ठरतं. २००४ मध्ये नागानो प्रांतातल्या शिराहोने या दुधाळ पाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावात पाण्याला पांढरेपणा यावा म्हणून पूड मिसळली जात असल्याचं उघड झालं आणि देशभर गदारोळ उडाला. पुढच्याच वर्षी नियम बदलले. आता पाणी मिसळता का, तापवता का, फिरवता का, काही घालता का, हे कारणासकट लावून ठेवावं लागतं. कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर तो तक्ता असतो, आणि बऱ्याच र्‍योकानांच्या संकेतस्थळावरही. भाषांतराचं ॲप लावून तो आधीच वाचा. ‘गेन्सेन काकेनागाशी’ लिहिलेलं असेल तर उगमाचं पाणी कुंडात येतं आणि भरून वाहून जातं, परत फिरत नाही. मी त्याला पहिली पसंती देते. मात्र मोठ्या गर्दीच्या कुंडाला फिरवलेलं पाणी असणं हे स्वच्छतेसाठी असतं, ती लबाडी नव्हे. लबाडी लपवण्यात आहे.

पाण्याचे स्वभाव वेगवेगळे असतात. कुसात्सु या ओन्सेनच्या गावाचं पाणी इतकं आम्ल आहे की पीएच दोनच्या आसपास, आणि काही उगमांचं इतकं कढत की थंड पाणी न मिसळता ते निववण्यासाठी लांब फळ्यांनी ढवळायची प्रथा पडली. बारीकशी जखमही तिथे झोंबते. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते, तेव्हा बायकांनी जोडवी, पैंजण खोलीतच काढून ठेवावीत. कोबेजवळच्या अरिमात लोह आणि मिठानं तांबूस झालेलं पाणी मिळतं; फिकट रंगाचा पंचा तिथे नेऊ नका.

ताटाचा प्रश्न आपल्या शाकाहारी मंडळींसाठी सगळ्यात अवघड आहे. र्‍योकानच्या जेवणाचा पाया दाशी, म्हणजे सुकवलेल्या बोनितो माशाचं आणि कोम्बू या समुद्री वनस्पतीचं पाणी. भाजी उकडलेली असो, टोफूवरचा रस असो की मिसोचं सूप, मासा डोळ्यांना दिसत नाही पण असतो. ‘मी शाकाहारी आहे’ एवढं सांगून भागत नाही. माशाची दाशीही चालत नाही असं आरक्षणाच्या वेळीच लिहून विचारावं लागतं. नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, सामान आधीच मागवलेलं असतं आणि स्वयंपाकघर लहान असतं. अशा वेळी फक्त न्याहारीचा किंवा बिनजेवणाचा दर घ्यावा. नाहीतर कोयासान या बौद्ध मठांच्या डोंगरावर जावं. तिथल्या मठांत पाहुण्यांना उतरता येतं आणि शोजिन र्‍योरी हे भिक्षूंचं जेवण मिळतं: मांसमासळी नाही, कांदा-लसूणही नाही. फुकुचि-इन या मठात तर ओन्सेनही आहे. चातुर्मास पाळणाऱ्या माणसाला जपानमध्ये इतकं निर्धास्त ताट क्वचितच मिळेल.

आता ज्या गोष्टीवरून अनेकजण हा बेतच रद्द करतात ती. सार्वजनिक कुंडात कपडे घालून उतरत नाहीत. बाई-पुरुषांची कुंडं वेगळी असतात, आधी बसून साबणानं अंग स्वच्छ धुवायचं, छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी संकोच करत बसण्यापेक्षा ‘काशिकिरी’, म्हणजे ठरावीक वेळेपुरतं आपल्यासाठी राखून मिळणारं कुंड असलेलं र्‍योकान शोधावं. त्याची वेळ आरक्षणातच मिळते की पोहोचल्यावर नाव लावायचं, हे विचारून घ्या. खोलीलाच जोडलेलं उघड्यावरचं कुंड मिळतं, पण त्याचा दर बराच चढा असतो. अंगावर गोंदण असेल तर बऱ्याच सार्वजनिक कुंडांत उतरू देत नाहीत, तेव्हा त्यांनाही हाच मार्ग. किनोसाकीच्या सार्वजनिक स्नानगृहांत मात्र गोंदण चालतं. आणखी एक, बऱ्याच ठिकाणी रात्रीतून बायकांचं आणि पुरुषांचं कुंड अदलाबदल करतात, दोघांनाही दोन्हीकडचा आनंद मिळावा म्हणून. सकाळी दारावरचा पडदा नीट पाहूनच आत शिरा.

आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी जुन्या लाकडी इमारतीच्या मोहात पडताना जिन्यांची चौकशी करावी. अशा अनेक इमारतींत लिफ्ट नसते आणि कुंडाकडे जायला पायऱ्या असतात. जमिनीवर बसून जेवणं, जमिनीवरून उठणं गुडघ्यांना सोसत नसेल तर टेबल-खुर्चीचं जेवण आणि पलंगाची खोली हल्ली पुष्कळ र्‍योकान देतात. मागायला लाजू नये. रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच कढत पाण्यात उतरावं, आणि साके ही तांदळाची दारू घेतल्यावर कोणीच उतरू नये. मोठ्या बॅगा आदल्या दिवशी ताक्युबिन या सामान पोहोचवणाऱ्या सेवेनं पुढच्या शहरी पाठवून द्या. एका रात्रीला एक जोड कपडे पुरतात. युकाता र्‍योकानच देतं, आणि ती घालताना डावी बाजू उजवीवर यायला हवी. उलट नेसवतात ती प्रेताला.