ड्राइव्ह नेमका कधी तुटतो?

मित्रहो, पतसंस्था, बाजार समित्या आणि जिनिंगच्या कार्यालयांत संगणक सांभाळणारी तुम्ही मंडळी आज इथे जमली आहात, म्हणून मी एकाच तक्रारीविषयी बोलणार आहे. ‘झेड ड्राइव्ह पुन्हा गेला’ असा फोन आला की आपल्यापैकी बहुतेक जण तो ड्राइव्ह काढून पुन्हा जोडून देतात, काम सुरू होते आणि दोन तासांनी तोच फोन पुन्हा येतो. ही घाई आपल्यालाच महागात पडते, असे माझे ठाम मत आहे, कारण पुन्हा जोडताना ड्राइव्ह कोणत्या अवस्थेत होता याचा पुरावा आपण आपल्याच हाताने पुसून टाकतो.

मॅप केलेला ड्राइव्ह ही खरी डिस्क नसते. दुसऱ्या संगणकावरील, म्हणजे सर्व्हरवरील, शेअर फोल्डरच्या पत्त्याला आपण दिलेले ते एक अक्षर असते. त्या अक्षरामागे तीन गोष्टी एकीवर एक उभ्या असतात: सर्व्हरच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरची (नेटवर्कच्या आभासी दारावरची) जोडणी, त्या जोडणीवर ओळख पटवून उघडलेले सत्र आणि त्या सत्रातून मिळालेला फोल्डर. यांपैकी कोणतीही एक ढासळली तरी पडद्यावर लाल फुलीच दिसते. म्हणूनच फुलीकडे पाहून कारण सांगता येत नाही. ती कधी उमटली, हे विचारावे लागते.

काही वेळा तर फुली असूनही बिघाड नसतो. विंडोज सर्व्हर रिकामे बसलेले सत्र मुळातच १५ मिनिटांनी सोडून देतो, आणि आपण ड्राइव्हवर क्लिक केले की जोडणी आपोआप परत येते. माणसाला याचा त्रास होत नाही. मात्र जुन्या पद्धतीच्या हिशेबाच्या प्रोग्रामला तो होतो, कारण असा प्रोग्राम दुसऱ्यांदा प्रयत्न न करता थेट चूक दाखवून थांबतो. जेवणाच्या सुट्टीनंतरची पहिलीच पावती अडत असेल, तर मुदतीची ही ‘ऑटोडिस्कनेक्ट’ सेटिंग सर्व्हरच्या बाजूने बदलावी; ड्राइव्ह जोडलेल्या संगणकावर कितीही खटपट केली तरी ती बदलत नाही.

आता एका जिनिंगची हकिगत थोडी सविस्तर सांगतो. कापसाच्या हंगामात तिथल्या काटाघरातील संगणकाचा ड्राइव्ह दिवसातून चार-पाच वेळा तुटत असे. भरलेली गाडी काट्यावर उभी, मागे रस्त्यापर्यंत रांग, आणि काटापट्टी निघत नाही म्हणून पहाटेपासून आलेला शेतकरी ताटकळलेला, हे दृश्य मी स्वतः पाहिले आहे आणि ते मला अजून टोचते. संगणक बदलून झाला होता, विंडोज नव्याने टाकून झाले होते. मी तेथील कारकुनाला एवढेच सांगितले की, आठ दिवस ड्राइव्हला हात लावण्यापूर्वी वहीत वेळ लिहायची आणि त्या क्षणी आवारात काय चालले होते तेही लिहायचे. आठवड्याने वही उघडली तेव्हा बहुतेक नोंदींसमोर एकच गोष्ट होती: वीज गेली, जनरेटर सुरू झाला. संगणक युपीएसवर होता, म्हणून त्याला काहीच जाणवत नव्हते. पण भिंतीवरचा छोटा नेटवर्क स्विच साध्या प्लगवर होता. वीज क्षणभर जरी गेली तरी तो बंद होऊन पुन्हा सुरू होई आणि तेवढ्यात उघडी फाइल हातची जाई. स्विचची वायर त्याच युपीएसवर घेतली.

तरीही काही नोंदी उरल्याच, आणि त्या दुपारच्या होत्या. काटाघर फाटकापाशी आणि सर्व्हर आतल्या कार्यालयात असल्यामुळे मधली केबल मोजली, तर ती १३० मीटरच्या पुढे निघाली. तांब्याच्या इथरनेट केबलला १०० मीटरची मर्यादा आहे, आणि तापमान वाढते तसा तांब्यातून जाणारा सिग्नल अधिक क्षीण होतो; उघड्या पत्र्यावरून गेलेल्या लांब केबलला आपल्याकडचे ऊन काय करत असेल, याची कल्पना तुम्हाला आहेच. तिथे काचतंतूची फायबर केबल टाकली. दोन इमारतींच्या मध्ये फायबरच टाकावी, असा माझा आग्रह असतो, कारण मृगात कडाडणाऱ्या विजेचा झटका तांब्यातून दोन्हीकडची पोर्टे जाळतो, काचेतून तो जात नाही.

वेळ कळली की जागा शोधायची. दोन खिडक्या उघडून एकीत राउटरला आणि दुसरीत सर्व्हरला पिंग, म्हणजे समोरून उत्तर येते का हे तपासणारी आज्ञा, सतत चालू ठेवावे. दोन्ही एकाच वेळी थांबले तर दोष आपल्या बाजूच्या वायरीत किंवा स्विचमध्ये शोधावा. फक्त सर्व्हरचे थांबले तर तिकडे जावे. दोन्ही चालू असूनही ड्राइव्ह गेला असेल तर ओळख किंवा सत्राचा प्रश्न आहे. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘एसएमबी क्लायंट’खाली (एसएमबी म्हणजे शेअर फोल्डर ज्या पद्धतीने जोडला जातो ती) ‘कनेक्टिव्हिटी’ नावाची नोंद असते, तीत तुटण्याची वेळ मिळते आणि ती वहीशी ताडून पाहता येते.

लहान पतसंस्थांत सर्व्हर म्हणजे बहुधा व्यवस्थापकांच्या टेबलावरचा साधा संगणकच असतो. तो अर्ध्या तासाने झोपी जात असेल तर सगळ्यांचे ड्राइव्ह एकदम जातात, म्हणून त्याची स्लीप सेटिंग आणि नेटवर्क कार्डाची वीजबचत बंद ठेवावी. ड्राइव्ह आकडी पत्त्यावर जोडला असेल, तर राउटरमध्ये तो पत्ता त्याच संगणकासाठी राखून ठेवावा. नाहीतर राउटर पुन्हा सुरू झाल्यावर पत्ता बदलू शकतो. साध्या विंडोजला एका वेळी २० जोडण्यांचीच मुभा आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

तुटणे वेगळे आणि नाकारणे वेगळे. पासवर्ड बदलल्यावर विंडोजच्या पासवर्ड साठवणाऱ्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुनाच राहिला असेल, किंवा एकाच सर्व्हरला दोन वेगवेगळ्या वापरकर्ता-नावांनी जोडण्याचा प्रयत्न झाला, तर नकार मिळतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने प्रत्येक संदेशावरची डिजिटल स्वाक्षरी सक्तीची केली आणि पासवर्डाशिवायचा पाहुणा प्रवेश बंद केला, त्यामुळे फायली ठेवण्याची नेटवर्कवरची जुनी स्टोरेज पेटी अचानक दिसेनाशी होते. अशा वेळी एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला कोणी दिला तर कृपया ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने तिच्याच दोषातून जगभर संगणक कुलूपबंद केले होते, आणि आपल्याकडे ठेवीदारांच्या आयुष्यभराच्या नोंदी असतात.

त्या जिनिंगच्या वहीत नंतर दोनच नोंदी झाल्या, दोन्ही सकाळी संगणक सुरू करतानाच्या. नेटवर्क तयार होण्याआधीच विंडोज ड्राइव्ह जोडायला धावते, तेव्हा असे होते. संगणक सुरू होताना नेटवर्कची वाट पाहण्याचे धोरण चालू केले, आणि या वेळी कारकुनाने मला फोन केला तो कारण स्वतः ओळखल्यानंतर.