सोप्यावरची बांक

पायऱ्या चढण्याआधी जरा जोत्याकडे बघा. कोपऱ्यात गिलावा सुटलाय आणि आतला जांभ्याचा चिरा उघडा पडलाय. तांबडा, भोकाभोकांचा. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, सहज तासता येतो. वारा-ऊन लागलं की तोच घट्ट होतो. गोव्यात घर बांधा, देऊळ बांधा, दगड हाच.

फोंड्याकडच्या या लहानशा बाजारातली ही इमारत बँकेसाठी बांधलेलीच नव्हती. खाली दुकान, वर बिऱ्हाड, असं व्यापाऱ्याचं घर. दुकानाच्या जागी आज काउंटर आहेत. मागची बिनखिडकीची कोठी, जिथे पोत्यांचे ढीग असायचे, तिथे लॉकर आहेत. हातभर जाडीच्या भिंती बँकेला आयत्याच मिळाल्या.

आता वर चला. एकच जुनं जनेल, म्हणजे खिडकी, उरलंय. त्याला काच नाही, शिंपले आहेत. चौकोनी कापलेले, नखासारखे पातळ, लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकेक सरकवलेले. हे शिंपले मुरगावच्या खाडीत मिळायचे. दुपारचं ऊन त्यांतून गाळून येतं, दुधाळ होऊन. बाकीच्या जनेलांना अॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा बसल्यात. खाली एसी दिवसभर घरघरत असतो, एवढंच सांगतो.

पोर्तुगीज अमदानीत बांक, म्हणजे बँक, म्हटलं की डोळ्यांपुढे यायची ती बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु. 1864 साली लिस्बनमध्ये सुरू झाली, 1868 मध्ये पणजीत आली. इथल्या नोटाही तिच्याच नावाच्या. सोळा टंग्यांची एक रुपी, असा हिशेब. 1958-59 मध्ये रुपी गेली, पोर्तुगालचा एस्कुदो आला. एका रुपीला सहा.

पण साध्या माणसाचा बांकेशी संबंध यायचा तो अडीनडीला, सोनं गहाण ठेवताना. 1961 च्या डिसेंबरात, भारतीय सैन्य पोचण्याआधी, त्या बँकेनं गहाणाचं सोनं लिस्बनला हलवलं. 19 डिसेंबरला गोवा मुक्त झाला, आणि लोकांच्या पाटल्या, बांगड्या समुद्रापलीकडे. त्या परत यायला 1991 उजाडलं. तीस वर्षं! कुणी पावती जपून ठेवली असेल, तर कागद पिवळा पडून घडीवर फाटलेला असणार. सोनं ठेवणारी कितीतरी माणसं तोवर गेलेली होती.

आज या इमारतीच्या कोठीत सोनेतारणाच्या पुड्या लाखबंद होऊन कपाटात जातात. वजन दोनदा होतं, एकदा ग्राहकाच्या डोळ्यांदेखत.

बाहेर या. दारापुढचा हा बल्कांव. दोन्ही बाजूंना बसायचे सोपे, म्हणजे बाकं, होते. डावा एटीएमच्या खोलीनं गिळला. उजवा शाबूत आहे, घासून घासून गुळगुळीत. सकाळचे साडेदहा वाजलेत. पेन्शनवाली चार माणसं तिथे टेकलीत. आत चौतिसाव्या टोकनाचा पुकारा होतो. त्यातली एक आजी उठते, पासबुक शोधायला पिशवीत हात घालते, आणि आधी बाहेर येते ती तांबड्या भाजीची जुडी.